मातीतून तुरटी काढताय? या चुका टाळा

जानेवारी उजाडला की मला फोन यायला लागतात. एम.एस्सी.चा नाहीतर इंजिनिअरिंगचा प्रोजेक्ट मार्चमध्ये द्यायचा असतो, विषय असतो ‘बॉक्साइटशिवाय ॲल्युमिनियम’ (म्हणजे ॲल्युमिनियमचं नेहमीचं खनिज न वापरता साध्या मातीतून ते काढायचं, तुरटीच्या रूपात; तुरटी हा ॲल्युमिनियमचाच क्षार), आणि प्रश्न ठरलेला असतो: “सर, ॲसिडमध्ये काहीच उतरत नाहीये. ॲसिड अजून कडक करू का?” मी विचारतो, “माती भाजली कशी?” पलीकडून उत्तर येत नाही.

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात तुरटी आणि फेरिक ॲलम बनवण्यात माझी २२ वर्षं गेली. आता घरी असतो, पोरं नमुने घेऊन येतात, मी बघतो. तीच चूक पुन्हा पुन्हा बघून जीव कंटाळतो, म्हणून हे एकदा लिहून टाकतोय. काम असं: माती भाजायची, सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळायची, गाळलेल्या द्रावणात पोटॅशियम सल्फेट घालून तुरटीचे खडे पाडायचे. या कामात चूक दिसते ॲसिडच्या बीकरमध्ये, पण ती झालेली असते त्याच्या आधी: भट्टीत, किंवा त्याहूनही आधी, माती पोत्यात भरताना. ॲसिडला दोष देऊन आठवडे घालवू नका.

कॉस्टिकमध्ये माती उकळू नका

बॉक्साइटसाठी बायरची पद्धत आहे. १८८० च्या दशकाच्या शेवटी ती निघाली आणि आजही जगातला बहुतेक ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, तिच्यातूनच येतो. कॉस्टिक सोड्यात ॲल्युमिना विरघळवायचा, लाल गाळ बाजूला काढायचा, निवळीत बीज म्हणून थोडे तयार कण टाकून हायड्रेट, म्हणजे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, पाडायचं. पुस्तकात हीच पद्धत पहिली येते, म्हणून पोरं चिनी मातीवरही तीच चालवतात.

या पद्धतीला सिलिका, म्हणजे सिलिकॉनचं ऑक्साइड, अजिबात चालत नाही. मातीतली सिलिका कॉस्टिकमध्ये उतरते आणि जाताना सोडा नि ॲल्युमिना दोघांनाही सोबत घेऊन पांढऱ्या गाळाच्या रूपाने खाली बसते. कारखान्यातला मोघम हिशेब असा की एक किलो अशी सिलिका साधारण एक किलो ॲल्युमिना आणि जवळपास तेवढाच कॉस्टिक खाते. शुद्ध केओलिनमध्ये, म्हणजे चिनी मातीच्या मुख्य खनिजात, ३९.५ टक्के ॲल्युमिना आहे आणि ४६.५ टक्के सिलिका. आता तुम्हीच हिशेब करा हाती काय उरेल. मातीसाठी रस्ता ॲसिडचा, नाहीतर चुन्याबरोबर भाजण्याचा.

माती कोणती आहे ते आधी बघा

पांढरी दिसली म्हणजे केओलिन, असं नाही. गणपतीसाठी आणलेली शाडू उरलेली असते, ती घेऊन येतात. मुलतानी माती आणतात. एकाने शेतातली काळी माती आणली होती. आपली काळी माती फुगणाऱ्या चिकणमातीची, माँटमोरिलोनाइट गटातली. तिच्यात ॲल्युमिना कमी, लोखंड-मॅग्नेशियम भरपूर, आणि ओली झाली की फिल्टर कागदावर अशी बसते की गाळण थांबतं. शाडू तर गोणीगणिक वेगळी लागते.

माझी सवय साधी आहे. चिमूटभर माती काचेवर घ्यायची, वर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब. फेस आला तर चुना आहे. चुना असलेल्या मातीवर सल्फ्युरिक ॲसिड घातलं की जिप्सम तयार होतं, ॲसिड फुकट जातं आणि तेच जिप्सम पुढे तुरटीच्या खड्यांत सुईसारखं चमकत राहतं.

जांभ्याचं वेगळं. पाचगणीला सहलीला गेलेली मुलं टेबल लँडजवळून लाल दगड उचलून आणतात आणि “सर, बॉक्साइट” म्हणून हातात ठेवतात. जांभा आणि बॉक्साइट सख्खे भाऊ आहेत, पण जांभ्यात बऱ्याचदा लोखंडाचं पारडं जड असतं. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, शाहूवाडी भागात खरं बॉक्साइट आहे, त्यामुळे सह्याद्रीतला प्रत्येक लाल दगड तोच असं लोकांना वाटतं. आणि कासच्या पठारावरून तर खडाही उचलू नका. ती संरक्षित जागा आहे.

फ्लाय ॲशबद्दल, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्रातल्या राखेबद्दल, एवढंच सांगतो: राख आधीच बॉयलरमध्ये कडक भाजून निघालेली असते, तिच्यातल्या ॲल्युमिनाचा मोठा भाग म्युलाइटमध्ये आणि काचेत अडकलेला असतो. साध्या ॲसिडमध्ये उकळून तो सुटत नाही. म्युलाइट म्हणजे काय ते आता सांगतोच, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान त्यानेच केलं.

भाजण्यातली चूक

कच्चं केओलिन ॲसिडला फारसं दाद देत नाही. ६०० ते ८०० अंशांच्या मधे भाजलं की त्यातलं बांधलेलं पाणी निघून जातं, स्फटिकाची घडी विस्कटते आणि मेटाकेओलिन तयार होतं. हे मात्र उकळत्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये व्यवस्थित उतरतं. पण उष्णता पुढे वाढत गेली की विस्कटलेले अणू पुन्हा जुळायला लागतात. ९५० ते १००० च्या पट्ट्यात स्पिनेलसारखी रचना येते, पुढे म्युलाइट. म्युलाइट म्हणजे भट्टीच्या विटांचं आणि चिनी मातीच्या भांड्यांचं बळ. ॲसिड त्याला काही करू शकत नाही. म्हणजे खिडकी आहे साधारण २०० अंशांची. खाली राहिलात तर माती कच्ची, वर गेलात तर कायमची गेली.

आमच्याकडे हे घडलं ते असं. मातीच्या भट्टीचा कंट्रोलर पावसाळ्यात खराब झाला. नवा बसवला, मेकॅनिक गेला, ७०० लावलं, आकडा ७०० दिसला. पुढच्या आठवड्यापासून उतारा घसरला. आधी मातीतला बराचसा ॲल्युमिना द्रावणात यायचा, आता पाचवा हिस्साही येईना. आम्ही माती बदलली. ॲसिडचा टँकर तपासून घेतला. उकळण्याचा वेळ दीड तासावरून चार तासांवर नेला. माझ्या वरच्यांचं म्हणणं, ॲसिडची तीव्रता वाढवा. वाढवली. टाकीचं अस्तर खराब झालं, माती होती तशीच खाली बसली. तीन आठवडे आणि बराच पैसा गेला.

कळलं कसं, तर मिठामुळे. प्रयोगशाळेतल्या पोऱ्याला कोरडं मीठ हवं होतं. त्याने एका मुशीत खायचं मीठ घातलं आणि “७००” वर चालू असलेल्या त्याच भट्टीत कोपऱ्यात ठेवलं. बाहेर काढलं तेव्हा मुशीत दाणे नव्हतेच. मधोमध थोडी खोलगट, काचेसारखी गुळगुळीत, पांढरी वडी बसली होती. तो मला दाखवायला आला, “साहेब, मीठ वितळलं.” मी ती मूस हातात धरून उभाच राहिलो. मीठ ८०१ अंशांना वितळतं. भट्टी ७०० ला असेल तर ते वितळणार कसं?

मग तारा उघडल्या. भट्टीत थर्मोकपल (उष्णता मोजणारी दोन धातूंच्या तारांची जोडी) होता के टाइप. नवा कंट्रोलर आला होता जे टाइपवर, आणि ते कोणी बदललंच नव्हतं. के टाइपची जोडी ९५० अंशांना सुमारे ३९.३ मिलिव्होल्ट देते. जे टाइपच्या तक्त्यात ३९.१ मिलिव्होल्ट म्हणजे ७०० अंश. कंट्रोलर इमानाने जे टाइपचा तक्ता वाचत होता आणि आमची माती रोज तीन-तीन तास साडेनऊशेच्या आसपास शिजत होती. एक सेटिंग बदललं, दुसऱ्या दिवशी उतारा जागेवर आला.

तेव्हापासून मी भट्टीच्या आकड्यावर एकट्याने विश्वास ठेवत नाही. ७५० ला भाजायचं असेल तर दोन छोट्या झाकणवाल्या मुशी कोपऱ्यात ठेवतो: एकीत चिमूटभर पोटॅशियम ब्रोमाइड, दुसरीत साधं मीठ. ब्रोमाइड ७३४ ला वितळतं, मीठ ८०१ ला. काढल्यावर ब्रोमाइड वितळलेलं आणि मीठ दाणेदार दिसलं, की भट्टी खरं बोलतेय. महिन्यातून एकदा हे करायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि तरी कोणी करत नाही. “सर, डिजिटल आहे ना” म्हणतात. डिजिटल आकडासुद्धा कुठल्यातरी तारेवरूनच येतो.

वजनाचंही ऐका. शुद्ध केओलिन नीट भाजलं की वजन जवळपास १४ टक्के घटतं. अर्थात माती आधी ११० अंशांना वाळवून मग तोलायची, नाहीतर नुसती ओलच मोजाल. घट ९-१० टक्केच आली तर दोनच शक्यता: मातीत वाळू मिसळलेली आहे, किंवा आतला भाग कच्चा राहिलाय. पोरं मूस काठोकाठ भरतात, पाच-सहा सेंटिमीटरचा थर. वरची माती भाजते, मधली तशीच. थर दीड सेंटिमीटरच्या वर नको, आणि अर्ध्या वेळाने लोखंडी उलथण्याने एकदा खालीवर करा.

पण ही मेख लक्षात ठेवा: जास्त भाजलेली मातीसुद्धा तेवढंच वजन दाखवते. पाणी तर दोन्हीकडे गेलेलंच असतं. वजनाचा काटा कच्चेपणा पकडतो, करपणं पकडत नाही. ते मीठच पकडतं. म्हणून दोन्ही लागतं.

चुन्याबरोबर भाजताना

काहीजण ॲसिड टाळून चुनखडीबरोबर भाजतात, तेराशे-चौदाशे अंशांना. रशियात नेफेलिन नावाच्या खडकावर सोडा-चुन्याची अशीच पद्धत मोठ्या प्रमाणावर चालते. पिकाल्योवो आणि अचिन्स्क इथल्या कारखान्यांत त्यातून ॲल्युमिना, सोडा, पोटॅश आणि उरलेल्या गाळाचं सिमेंट, असं सगळं निघतं. एक टन ॲल्युमिनामागे नऊ-दहा टन सिमेंट. त्या हिशेबात ॲल्युमिनाचाच कारखाना म्हणायचा की सिमेंटचा, असा प्रश्न पडतो, पण खडकातलं काही वाया जात नाही हे मला फार आवडतं.

इथली चूक थंड करण्यात होते. सिलिका चुन्याबरोबर डायकॅल्शियम सिलिकेट बनवते, आणि ते सावकाश निवलं तर ५०० अंशांच्या आसपास त्याचं रूप पालटतं, आकारमान दहा-बारा टक्के वाढतं, आणि दगडासारखा गोळा आपोआप पिठासारखा कोसळतो. दळायची गरजच पडत नाही. घाईत मूस बाहेर काढून फरशीवर ठेवलीत तर हा पालट होतच नाही आणि मग खलबत्त्यात कुटत बसावं लागतं. भट्टी बंद करा, दार लावून ठेवा, घरी जा. सकाळी मुशीत भुकटी मिळेल.

बीकरमधला खरवस

पुण्याच्या पोरांना झिओलाइटचं, म्हणजे ॲल्युमिना, सिलिका आणि पाणी धरून असलेल्या खनिजांचं, फार आकर्षण, आणि ते साहजिक आहे. आपल्या दगडाच्या पोकळ्यांत सापडणारी ही खनिजं जगभरच्या संग्रहालयांत गेलीत. वाघोलीच्या खाणींत त्यांच्यासोबत मिळणारा निळा कॅव्हन्साइट तर संग्राहकांच्या तोंडी असतो. एक मुलगी स्कोलेसाइट नावाचं झिओलाइट घेऊन आली होती. पांढऱ्या, सुयांच्या जुडीसारख्या खड्यांचा तुकडा, वाघोलीकडच्या खाणमालकाला विचारून आणलेला. कल्पना चांगली होती: स्कोलेसाइटमध्ये सुमारे २६ टक्के ॲल्युमिना असतो, आणि भाजायची गरज नाही, ॲसिड थेट चालतं.

तिने दगड बारीक कुटला, सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलं, गरम केलं. सगळं विरघळल्यासारखं दिसलं, पाणी जवळपास निवळ. खूश होऊन बीकर तसाच ठेवून ती घरी गेली. सकाळी बघते तर बीकरात खरवस जमलेला. अगदी तसाच: वाटी उलटी केली तर पडणार नाही, बोटाने दाबला तर थरथरतो, कडेने जरा पाणी सुटलेलं. तिने तो बुकनर फनेलवर, म्हणजे पंपाने ओढून गाळायच्या गाळणीवर, ओतला आणि पंप चालू केला. सहा तासांत चमचाभर पाणी खाली आलं. कागद फाटला, दुसरा लावला, तोही फाटला. रडवेल्या आवाजात फोन आला.

यात तिची चूक एकच, पण ती सगळेच करतात. या जातीच्या सिलिकेटमधली सिलिका ॲसिडमध्ये खरोखर विरघळते, सिलिसिक ॲसिड म्हणून. ते द्रावणात फार काळ टिकत नाही, एकमेकांना धरतं आणि जाळं विणतं. पाणी, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सगळं त्या जाळ्यात अडकून बसतं. नेफेलिनचंही हेच होतं. मेटाकेओलिनमध्ये हा त्रास कमी, कारण तिथली सिलिका बरीचशी न विरघळता जागेवर राहते. म्हणून मातीवर शिकलेला माणूस झिओलाइटवर फसतो.

जमलेला खरवस गाळायचा प्रयत्नच करू नका. तो वाळवायचा. चिनी मातीच्या पसरट भांड्यात काढा, जलपात्रावर ठेवा, फ्यूम हूडमध्येच, आणि काचेच्या कांडीने गुठळ्या फोडत कोरडा ठक्क होईपर्यंत आटवा. मग ११० अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर. जाळ्यातलं पाणी निघून गेलं की सिलिका आकसते, रेतीसारखी सुटी, खरखरीत होते आणि पुन्हा विरघळत नाही. आता त्यावर थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड, मग गरम पाणी घाला. ॲल्युमिनियम आणि कॅल्शियमचे क्षार पाण्यात येतात, सिलिका कागदावर राहते, आणि गाळण पाच मिनिटांत होतं. सिलिकेचं वजन काढायची जुन्या वर्गातली पद्धत ती हीच. आजकाल यंत्र आकडा देतं म्हणून कोणी ती हाताने करत नाही, आणि म्हणून ऐन वेळी आठवत नाही.

त्या मुलीने दोन दिवस लावून असंच केलं. पुढे तिने गरम द्रावणात अमोनियम क्लोराइड घालून, मिथिल रेड (आंबटपणा दाखवणारा रंग) टाकून, अमोनिया थेंबथेंब सोडला. रंग लाल होता तो पिवळा झाला आणि ती तिथेच थांबली. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड खाली बसलं, कॅल्शियम पाण्यात राहिलं. सल्फ्युरिक ॲसिड वापरलं असतं तर याच खनिजातल्या १४ टक्के चुन्याचं जिप्सम झालं असतं, तेव्हा इथे हायड्रोक्लोरिकच.

आणि हो, कॅव्हन्साइट फोडू नका. त्यात व्हॅनेडियम आहे हे खरं, पण ॲल्युमिनियम नाहीच, आणि इतका सुंदर खडा ग्रॅमभर क्षारासाठी कुटणं मला सहन होत नाही. व्हॅनेडियम हवंच असेल तर ते बायर पद्धतीच्या फिरत्या द्रावणात जमतं, तिथून काढतात. गॅलियमही तसंच: बॉक्साइटमध्ये टनामागे पन्नासएक ग्रॅम, पण कॉस्टिकच्या फेऱ्यांत साठत जातं. हातात १०० ग्रॅम माती घेऊन गॅलियम काढायला निघालेल्यांना मी दारातूनच परत पाठवतो.

लोखंड

तुरटी पिवळसर किंवा जांभळट झाली की समजायचं, लोखंड आलं. इथे बहुतेकजण पुन्हा पुन्हा खडे पाडत बसतात. लोखंडाची दोन रूपं: तीन भारांचं फेरिक आणि दोन भारांचं फेरस. फेरिक लोखंडाचीही पोटॅशबरोबर तुरटी होते, ठेवण अगदी आपल्या तुरटीसारखीच, त्यामुळे थोडंफार लोखंड खड्यात घुसतंच. फेरस लोखंड मात्र या खड्यात बसत नाही. ते हिराकशीच्या रूपाने द्रावणात राहतं.

म्हणजे खडे पाडायच्या आधी फेरिकचं फेरस करायचं. मी गरम, आंबट द्रावणात स्वच्छ ॲल्युमिनियमच्या तारेचे तुकडे टाकतो. पिवळेपणा उतरत जातो, बुडबुडे येतात, ते हायड्रोजनचे, तेव्हा जवळ ज्योत नको. लोखंडाचा चुरा टाकूनही हेच होतं, पण मग लोखंडच वाढतं. ॲल्युमिनियमने दुसरा धातू येत नाही. थेंबभर द्रावण काढून त्यात पोटॅशियम थायोसायनेट टाका. लाल झालं तर फेरिक शिल्लक आहे, थांबा. रंग आला नाही की लगेच गाळा आणि निवायला ठेवा. उघडं रात्रभर ठेवलंत तर हवा पुन्हा फेरिक करते.

खडे पाडताना

तुरटीचं काम सोपं होतं ते तिच्या विरघळण्यामुळे. २० अंशांना १०० मिली पाण्यात १४ ग्रॅमच्या आसपास, ५० अंशांना सदतीसच्या जवळ. म्हणजे गरम द्रावण नुसतं निवलं तरी अर्ध्याहून जास्त माल खाली येतो. हे माहीत असूनही लोक बीकर बर्फात ठेवतात. बर्फाने बारीक रवा पडतो, आणि रव्याच्या कणांमध्ये मळ पाणी, म्हणजे खडे पडल्यावर उरलेलं अशुद्ध द्रावण, अडकतं. बीकरला जुनं फडकं गुंडाळा, थर्मोकोलच्या खोक्यात ठेवा, रात्रभर हात लावू नका. आठ बाजूंचे नितळ खडे पडतील. धुताना मात्र बर्फाचं पाणी, आणि तेही थोडं.

पोटॅशियम सल्फेट कृषी सेवा केंद्रात ०:०:५० नावाने मिळतं, द्राक्षवाले वापरतात. ०:०:६० आणू नका. ते पोटॅशियम क्लोराइड. खतवाला “पोटॅश द्या” म्हटल्यावर तेच देतो.

अमोनियम सल्फेट घातलंत तर अमोनियम तुरटी होते, तीही उत्तम. पुण्यात प्लास्टरच्या गणेशमूर्ती घरीच विरघळवायला महापालिका अमोनियम बायकार्बोनेट देते. ती रीत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची (एनसीएल). त्या बादलीत खाली चुनखडी बसते आणि वर राहतं ते अमोनियम सल्फेटचंच पाणी. एका मुलाने त्यातून तुरटी पाडली होती, मला ते फार भावलं. पण बाटलीवर त्याने ‘पोटॅश तुरटी’ लिहिलं, ते चूक. कॉस्टिकचे दोन थेंब टाकून जरा गरम करा, अमोनियाचा वास आला तर कोणती तुरटी ते कळतं.

उताऱ्याचा हिशेब

“१०० ग्रॅम मातीतून २५० ग्रॅम तुरटी निघाली, म्हणजे उतारा २५० टक्के” असं मी अहवालात वाचलंय. सही पण झालेली. तुरटीच्या खड्यात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं, वर सल्फेट आणि पोटॅश. १०० ग्रॅम शुद्ध केओलिनमधला सगळा ॲल्युमिना उतरला तर ३६७ ग्रॅम तुरटी व्हायला हवी. म्हणजे २५० ग्रॅम हा उतारा ६८ टक्के. त्यासाठी पोटॅशियम सल्फेट लागतं साडेसदुसष्ट ग्रॅम आणि ९८ टक्क्यांचं सल्फ्युरिक ॲसिड ११६ ग्रॅम. ॲसिड याहून फार जास्त ओतू नका. जास्तीचं सगळं शेवटी खड्यांना चिकटून येतं आणि ते वाळतच नाहीत.

छोट्या पण महागात पडणाऱ्या

पाण्यात ॲसिड, ॲसिडात पाणी कधीही नाही. हे सगळ्यांना पाठ असतं, आणि तरी २०२३ साली माझ्या समोर एकाने उलटं केलं. चष्मा होता म्हणून डोळा वाचला.

गरम भाजलेली माती थेट ॲसिडमध्ये ओतू नका. उकळी अंगावर येते. हाताला सोसेल इतकी निवू द्या.

हायड्रॉक्साइड पाडताना कॉस्टिक वापरलं आणि जास्त झालं तर पडलेलं सगळं परत विरघळतं. अमोनिया वापरा.

गार द्रावणात एकदम अमोनिया ओतला तर बुळबुळीत लगदा होतो. गरम द्रावण, सावकाश धार.

तुरटीच्या पाण्यात विजेच्या तारा बुडवून ॲल्युमिनियम मिळत नाही, नुसता हायड्रोजन मिळतो. धातूसाठी ॲल्युमिना वितळलेल्या क्रायोलाइट नावाच्या क्षारात साडेनऊशेच्या वर अंशांना विरघळवावा लागतो, हॉल आणि एरू यांनी १८८६ मध्ये स्वतंत्रपणे दाखवला तसा, आणि किलोमागे १३-१४ युनिट वीज लागते. घरात किंवा कॉलेजात हे करू नका. प्रोजेक्ट शुद्ध तुरटीवर किंवा ॲल्युमिनावर थांबवला तर कोणी कमी गुण देत नाही.

कॉस्टिक ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ठेवू नका.

उरलेलं मळ पाणी मोरीत सोडू नका. ते शेवटी मुठेतच जातं. चुन्याची निवळी घालत लिटमस उदासीन करा, गाळ बसू द्या, वरचं पाणी टाका, गाळ वाळवून कॉलेजच्या रासायनिक कचऱ्यात द्या.

वाळवणं

शेवटच्या दिवशी सगळ्यांना घाई असते. ओले खडे ११० च्या ओव्हनमध्ये जातात. तुरटी ९२-९३ अंशांना स्वतःच्याच पाण्यात वितळते. ट्रेमध्ये आधी पाणी होतं, मग ते फसफसून फुगतं आणि हाती येते तुरटीची लाही, आजी तव्यावर करायची तशी, पांढरी, हलकी, ठिसूळ. दात-हिरड्यांना ती चालते, प्रोजेक्टला नाही. आठ बाजूंच्या ज्या खड्यांसाठी रात्रभर थांबलात, ते गेलेले असतात.

खडे गाळण कागदावर एकेरी पसरा, वर दुसरा कागद झाका आणि सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीच्या पुण्याच्या कोरड्या हवेत एक दिवस पुरतो. हाताला ओल लागली नाही आणि खडे एकमेकांवर पडल्यावर काचेसारखे खणखणले की काचेच्या बरणीत भरा. मे महिन्यात उघडे ठेवलेत तर धारा पांढुरक्या पडतात, तेव्हा बूच घट्ट. बरणीवर तारीख, माती कुठली, आणि भाजताना मीठ वितळलं होतं की नाही, हे तिन्ही लिहा. माझ्याकडे दाखवायला आणाल तेव्हा मी पहिल्यांदा तेच वाचणार आहे.